सुटली तर केस, नाही तर देवी

पुडकं उघडलं तेव्हा मला वाटलं, इतवारी बाजारातल्या केमिकलवाल्यानं चांगलंच बनवलं आपल्याला. आत पांढरे, मेणचट पापुद्रे होते, साबणाची वडी सुरीनं खरवडावी तसे. आणि वास? तळ्यातून काढलेली मासोळी थोडा वेळ उन्हात राहिली की येतो तसा, फक्त त्याहून हलका. माझी जाऊ मंदा पार्लरमध्ये माझ्यासोबत काम करते. तिनं नाकाला पदर लावला.

"हे केसाले लावाचं? गिऱ्हाईक दारातूनच पळन वं बाई."

"शिजवल्यावर वास जाते."

"कोन सांगतलं?"

"ज्यानं विकलं त्यानं."

"मंग झालंच," असं म्हणून ती खिडकी उघडायला गेली.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, त्याच्या पुढच्या वर्षी मी तुमसरला पार्लर काढलं. तेव्हापासून भुवया कोरल्या, नवऱ्या सजवल्या, फेशियलच्या वाट्या घासल्या. त्यातल्या बहुतेक कामाचं मला आता काही वाटत नाही. हात चालतात, तोंड चालतं, दिवस संपतो. पण या पापुद्र्यांचा मला अजून अचंबा वाटतो, आणि अचंबा वाटणं हा माझा स्वभाव नाही. दिवाळी अंकासाठी लिहायचंच आहे तर त्यांच्याबद्दल लिहिते. नवरीच्या मेकअपबद्दल लिहायला दुसऱ्या पुष्कळ जणी आहेत.

त्यांचं खरं नाव लांबलचक आहे. बेहेनट्रायमोनियम, आणि त्यापुढे आणखी एक शब्द. घरातली कंडिशनरची बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. पहिलं नाव पाण्याचं असतं. त्यानंतरच्या दोन-चार नावांत हे, नाहीतर याच्या भावकीतलं कुणीतरी सापडेल. मोहरीच्या जातीच्या बियांच्या तेलापासून ते बनतं. आम्ही पार्लरमध्ये त्याला पापडी म्हणतो.

पापडी काय करते, ते मला दुकानातल्या सेल्समननं काउंटरवरच समजावून सांगितलं. केस ओला झाला की त्याच्यावर ऋण भार असतो. पापडीचा एकेक कण बेडकाच्या पिलासारखा, डोकं आणि लांब शेपूट. डोक्यावर धन भार. त्यामुळे डोकं केसाला जाऊन चिकटतं आणि तेलकट शेपूट बाहेर राहते. अशा शेपट्या दाटीनं उभ्या राहिल्या की केसावरून केस घसरतो, अडकत नाही. मी समजल्यासारखी मान हलवली. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता म्हणाला, "और मॅडम, जो बाल जितना खराब, उसपर ये उतना ज्यादा बैठता है."

मी त्याला परत बोलावलं आणि ते पुन्हा सांगायला लावलं.

केस जिथे झिजतो, जिथे त्याचे खवले निघालेले असतात, तिथे ऋण भार वाढतो. म्हणून पापडी तिथेच जास्त जमते. मुळाजवळच्या नव्या, धडधाकट केसावर थोडी आणि टोकाच्या फाटलेल्या केसावर पुष्कळ. तिला कुणी दाखवावं लागत नाही. पार्लरमध्ये आलेल्या बाईला मी प्रश्न विचारते, तिचे केस हातात घेते, उजेडात धरते, तेव्हा कुठे मला कळतं की काय बिघडलंय. आणि हे मेण पाण्यात सोडलं की नेमकं बिघडलेल्या जागी जाऊन बसतं. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर धानाच्या बांध्या मागे पडत होत्या आणि माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं.

आमच्याकडे याची गरज पाण्यामुळे. बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही. त्यात खाणीच्या पट्ट्यातली धूळ, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत दिवसभर डोक्यावर ऊन. त्या भागातल्या बायांच्या केसांत कंगवा घातला की करकर आवाज यायचा. नारळाच्या काथ्यात घातल्यासारखा. बाजारातली बाटली त्यांना परवडायची नाही आणि पुड्यांनी एवढ्या लांब केसांचं काही व्हायचं नाही. म्हणून मी घरीच कंडिशनर बनवायचं ठरवलं.

कृती सोपी आहे आणि पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. गरम पाण्याच्या गंजात दुसरं भांडं ठेवून पापडी वितळवायची. तेवढंच गरम पाणी वेगळं करून तिच्यात ओतायचं. मग घुसळायचं आणि थंड होईपर्यंत घुसळत राहायचं. मी पहिल्या खेपेला थंड पाणी ओतलं. भांड्यात साबुदाण्याची खिचडी तयार झाली. दुसरी खेप छान झाली, पण तिच्यात टिकाऊपणाचं औषध घालायचं राहिलं आणि वरती काळे ठिपके आले. तिसरी खेप मी ताक घुसळायच्या रवीनं केली. ती श्रीखंडासारखी घट्ट, पांढरी, चकचकीत झाली आणि माशाचा वास खरंच गेला, अगदी नाक लावलं तरच थोडा यायचा. मंदाच्या केसांना लावून धुतलं. मग मी तिच्या भांगाजवळ कंगवा लावला आणि दुसरीकडे कुणाशी तरी बोलायला मान वळवली. कंगवा आपोआप घसरत खाली आला आणि फरशीवर पडला.

मंदा आरशात बघत राहिली. "अवं, पडला का फेकला?"

"पडला."

"अजून एकडाव कर."

पुन्हा केलं, पुन्हा पडला. त्या दिवशी आम्ही दोघी घोड्यासारख्या बाया लहान पोरींसारखा तोच खेळ खेळत बसलो होतो.

यानंतर जी गिऱ्हाइकं आली, त्यांतली काही अशी की पार्लरच्या कुठल्याही पुस्तकात त्यांचा धडा नाही. पोळ्याच्या आधी सिहोऱ्याकडचे एक शेतकरी भाऊ दाराशी येऊन उभे राहिले. आत बाया होत्या म्हणून बाहेरूनच म्हणाले, "ताई, ते घसरवाचं औषध द्या थोडंसं."

"घरच्यायसाठी?"

"नाही, बैलाच्या शेपटीसाठी. गोंडा पार गुतून गेला. तोरनाखाली उभा कराचा आहे, शोभा नाही राहत."

मी डबी भरून दिली आणि डोळ्यात जाऊ देऊ नका, आग होते, असं बजावलं. पोळ्यानंतर ते सांगायला आले की गोंडा असा मोकळा झाला की बैलाच्या मागून माश्याही घसरत होत्या. मंदानं लगेच पाटी लावायची सूचना केली, बैलांसाठी वेगळी खुर्ची आहे म्हणून.

दुसरे आले ते लाखांदूरकडून, नाटक मंडळीतले. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, त्यांच्या राणीचा केसांचा टोप घेऊन आले होते. मी पापडी लावली, टोप धुतला, पुन्हा लावली. काही उपयोग नाही. टोप नायलॉनचा होता. पापडी केसाचा घाव शोधते. त्या टोपात तिला धरायला काही मिळालंच नसावं. राणी त्या हंगामात तशीच रंगमंचावर गेली. मला मात्र त्या अपयशानं उलट बरं वाटलं. ही जादू नाही, हिला नियम आहे, हे कळलं. नियम असलेली गोष्ट मला जास्त थोर वाटते.

आता ज्या कामासाठी हे सगळं सांगितलं, त्याच्याकडे येते.

पितृपक्षात पार्लर रिकामं असतं. त्या पंधरवड्यात कोण भुवया करणार? अशाच एका सकाळी दोघी आल्या. पुढे एक लुगडं नेसलेली म्हातारी, काटक, मूठभर. मागे डोक्यावरून घट्ट पदर घेतलेली तरणी सून. नाकाडोंगरीहून एसटीनं आल्या होत्या. म्हातारीचं नाव कौसल्याबाई, सुनेचं सुनंदा.

"इथं केस सोडवते म्हने," म्हातारी उभ्याउभ्याच म्हणाली.

मी सुनेला खुर्चीवर बसवलं आणि पदर काढायला सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूला नारळाएवढा गोळा होता आणि त्यातून खाली कमरेपर्यंत दोन जाड दोर. सगळं हळदीकुंकवानं माखलेलं.

"जट आहे," म्हातारी म्हणाली. "देवी आली घरात."

"मंग माह्याकडं कायले आनली, मावशी?"

म्हातारीनं हनुवटीनं सुनेकडे दाखवलं. "तिलेच पुस."

सुनंदा आरशात माझ्याकडे बघून बोलली. आधी टायफॉइड, मग कावीळ. भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती, मग घरी खाटेवर. डोक्याला पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलेलं. उठून बसायला लागली तोवर मागे हे झालेलं. शेजारणीनं बघितलं आणि हात जोडले. तिच्यामागून सगळ्या गावानं जोडले.

"कोनाची शेळी हरपली तं मले विचारतेत. मले काय मालूम, ताई? मी म्हनलं, नाल्याकडं पाहा. सापडली! तवापासून तं अजूनच. नवराही माह्या पाया पडते. मी वाढाले गेली तं ताट घेऊन भायेर जाते. आता घट बसले का मले पाटावर बसवून ओटी भरनार. एकडाव ओटी भरली का मी देवीची. मले देवी नाही होवाचं. मले घरात राहाचं आहे."

मी देवाधर्माच्या भानगडीत पडत नाही. गिऱ्हाईक डोक्यावर जे घेऊन येतं, त्यावर मी काम करते. पण एवढं ऐकल्यावर म्हातारीकडे जरा रागानंच पाहिलं. तिच्या ते लक्षात आलं.

"मी काही वैरीन नाही हिची. महिनाभर दवाखान्यात हिच्या उशाशी बसली मी. पन आलेल्या देवीले कात्री लावू? माह्या जेठाच्या घरी लावली होती. त्याच वर्सी त्याहीचा मोठा पोट्टा गेला." मग माझ्या ट्रॉलीवरच्या कात्रीकडे बोट करून म्हणाली, "ते उचल पयले इथून."

मी कात्री खणात टाकली.

"कात्री नाही, ब्लेड नाही. एकही केस कापाचा नाही. देवीची असन तं कितीही चोळ, सुटनार नाही."

"आनि सुटली तं?"

म्हातारीनं खरोखर विचार केला. उत्तर तयार नव्हतं तिच्याकडे, ते तिनं तिथे उभं राहून शोधलं. "सुटली तं केसच होते," ती म्हणाली.

इतका सरळ करार माझ्याशी कुणी कधी केला नव्हता. पण मनातून मी घाबरले होते. आजारपणातले लहानसहान गुंते मी सोडवले होते. नारळाएवढा कधीच नाही. पापडी येण्याआधी माझ्याकडे कात्रीशिवाय इलाजच नसायचा, आणि अशा कित्येक जणी डोकं झाकून परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. हा गोळा सुटला नाही, तर म्हातारीच्या हिशेबानं मीच सिद्ध करून देणार होते की ही देवी आहे.

जटेचं काम टोकाकडून सुरू करतात. मुळाकडून ओढलं की गाठ घट्ट होते. आम्ही दोन्ही दोर कोमट पाण्यात भिजवले, हळदकुंकू धुतलं, पापडीचं कंडिशनर ओंजळीनं चोपडलं आणि पिळून पिळून आत मुरवलं. वरून गरम टॉवेल. मग क्रोशाची सुई घेतली. कंगवा इथे शत्रू असतो. सुईच्या आकड्यानं एकेक बट बाहेर काढायची, सुकायला लागली की पुन्हा चोपडायचं. आधी काहीच होत नाही. बोटं बधिर होतात. मग एकाएकी एक बट अशी सुळकन बाहेर येते की आपणच दचकतो.

दुपारपर्यंत पहिला दोर उलगडायला लागला आणि त्यातून मुठीएवढे केस माझ्या हातात आले. म्हातारी स्टुलावरून ताडकन उठली. "तोडले! म्हनलं होतं ना!"

"तोडले नाही, मावशी. इकडं उजेडात या." मी एक केस तिच्या तळहातावर ठेवला. "टोकाले पांढरा ठिपका दिसते का?"

तिनं केस डोळ्याजवळ नेला. "हो."

"ते मूळ आहे. हा केस स्वतः गळला. बिमारीत गळले, पन गुंत्यातून खाली पडाले वाट नाही मिळाली. तुटलेल्याले ठिपका नसते. सारे तपासा."

तिनं सगळे तपासले. पदर मांडीवर पसरून एकेक केस उचलला, बघितला आणि बाजूला ठेवला. एकही तुटलेला मिळाला नसावा, कारण तिनं पदर सावरला आणि हातानंच मला पुढचं काम करायला खुणावलं. संध्याकाळी दोन्ही दोर मोकळे झाले होते आणि गोळ्याची कडाही मऊ पडली होती. सुनंदानं मोकळ्या केसांचं टोक पुढे घेतलं आणि किती तरी वेळ ते बोटांवर गुंडाळत राहिली. गोळ्यातली पापडी न धुता मुरत ठेवली आणि दोघी रात्री गावातच नात्यातल्या एका घरी उतरल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा म्हातारीची चाल वेगळी होती. ताठ. सुनंदाचे डोळे सुजलेले. मी पदर काढला. आदल्या दिवशी मऊ केलेली कडा पुन्हा चिकटून दगड झाली होती. हात लावला तर चिकट, मेणचट, जणू कुणी डिंक ओतलाय.

"पाह्य," म्हातारी म्हणाली. "देवीनं परत बांधली."

मंदानं माझ्याकडे पाहिलं. मी गोळा हुंगला. माझं नाक आता या धंद्यात बरंच शहाणं झालं आहे. पापडीच्या वासामागून अंघोळीच्या साबणाचा वास येत होता.

"सकाळी केस कशानं धुतले?"

"साबनानं," म्हातारी म्हणाली. "देवळात जावाचं होतं. मासोळीचा वास अंगावर घेऊन देवळात नेऊ का तिले?"

चूक तिची नव्हतीच. मी सांगायला हवं होतं असंही नाही, कारण मला सुचलंच नसतं. अशी चूक तीच बाई करू शकते जिला देवीचीही काळजी आहे आणि वासाचीही. पण हे तोंडानं सांगून ती मानणार नव्हती. मी दोन काचेचे ग्लास घेतले. एकात गरम पाण्यात कंडिशनर कालवलं, दुसऱ्यात त्यांचाच साबण.

"हे माहं. हे तुमचं. आता तुम्हीच एकात एक ओता."

तिनं ओतलं. ग्लासात दूध फाटावं तसे पांढरे गोळे झाले आणि वर तरंगू लागले. साबणाचा भार ऋण, पापडीचा धन. दोघं भेटले की केसाला सोडून एकमेकांनाच मिठी मारतात. बाजारातला शाम्पू नि कंडिशनर वेगळ्या बाटल्यांत असतात, ते याचसाठी. म्हातारीनं ग्लास हलवला, बोट घालून एक गोळा काढला, अंगठ्यानं चोळला. तोच चिकटपणा.

"म्हंजे देवीनं नाही बांधली?" ती हळूच म्हणाली. "मीच बांधली?"

"साबनानं बांधली, मावशी."

"लावला तं मीच ना."

ती परत स्टुलावर बसली. आम्ही कोमट पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या. मग पापडी, आदल्या दिवसापेक्षा दुप्पट. फाटलेलं दूध काही परत दूध होत नाही, पण इथे वरून पापडी भरपूर पडली तर तो चिकटा हळूहळू सुटतो, हे मला माझ्या जुन्या फसलेल्या खेपांमुळे ठाऊक होतं. दुपारी कडा पुन्हा हलायला लागली. मंदा पाणी आणताना फरशीवर घसरून बसली आणि म्हणाली, "केसाचं जाऊ द्या, माहं हाड मोकळं झालं." सुनंदा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तेव्हा म्हातारी उठली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "सरक जराशी. तू ताकद लावून राहिली."

"मावशी, हे..."

"आंधळगावची आहो मी. कोष्ट्याची पोरगी. जलमभर सुताचा गुंता सोडवला. ओढाचा नसते, फुगवाचा असते."

तिनं पापडीत बोटं बुडवली, गोळ्यात घातली आणि आतून हलकेच फुलवायला लागली, उशीतला कापूस फुलवतात तशी. मी बाजूनं सुई चालवत राहिले. आता आम्ही चार हातांनी काम करत होतो. ज्या बाईनं काल कात्री उचलायला लावली, तीच आज सुनेच्या डोक्यात कोपरापर्यंत पांढरी झाली होती, आणि मला वाटतं, आपण बाजू बदलली हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. हाताला काम समजलं की तो थांबत नाही.

मी त्या गोळ्याकडे बघत होते. बाहेरचे, मुळाकडचे केस कधीच निसरडे झाले होते. आतले, सगळ्यांत जास्त घासले गेलेले, चुरगळलेले केस पापडी पिऊन पिऊन पांढरे दिसत होते. सेल्समन खरं बोलला होता. जिथे जास्त मोडलं होतं तिथे ती जास्त बसत होती, आणि तिथूनच गाठी सैल पडत होत्या. मी वर्षानुवर्षं हे बायांना तोंडानं सांगत आले होते. होताना पाहिलं त्या दिवशी.

गोळा लिंबाएवढा उरला तेव्हा माझ्या सुईला काहीतरी वेगळं लागलं. केस नव्हे. मी थांबले. म्हातारीनं बोटं घालून चाचपलं आणि हळूहळू बाहेर काढलं. कापडाची एक पट्टी होती, विटलेली, दोन गाठी मारलेली. गोळ्याच्या मधोमध. सगळे केस तिच्याभोवतीच वळले होते.

मंदा म्हणाली, "करनी-बिरनी तं नाही ना?"

म्हातारीनं पट्टी पाण्यात बुडवून चोळली. मातकट रंगाखालून किनार दिसली, लाल, तिच्यात बारीक पिवळ्या टिपक्या. तिनं ती आपल्या मांडीवर अंथरली, आणि आम्हाला दिसलं. तिच्या अंगावरच्या लुगड्याला तीच किनार होती आणि पदराच्या कोपऱ्याला तेवढीच पट्टी फाडलेली होती.

"माह्या भावाच्या मागावरचं लुगडं आहे हे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "दवाखान्यात हिले उलट्या होऊन राहिल्या होत्या. केस तोंडात येत होते. बांधाले काहीच नोहतं. मंग मी फाडलं. घट्ट बांधलं, का रातभर सुटू नये."

सुनंदा आरशात बघत म्हणाली, "मले आठवते. फाडल्याचा आवाज आला होता. मी म्हनलं, लुगडं काहून फाडून राहिली ही?"

"मंग घरी आलो, तू खाटेवर, मी वावरात. सोडाचंच राहून गेलं." म्हातारीनं पट्टी हातात घट्ट धरली. "मीच बांधली होती."

राहिलेला लिंबाएवढा गोळा तिनं एकटीनं सोडवला. मी सुई खाली ठेवली आणि हात धुतले. शेवटी मी केस स्वच्छ धुऊन भांगाजवळ कंगवा लावला आणि हात काढून घेतला. कंगवा कमरेपर्यंत आला आणि फरशीवर पडला. सुनंदानं तो उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अजून एकडाव."

जाताना म्हातारीनं कनवटीची पुडी काढली. कुंकू. मला वाटलं, सुनेला लावेल. ती फळीपाशी गेली आणि पापडीच्या स्टीलच्या बरणीला तिनं ठसठशीत बोट ओढलं. वर हात जोडले.

मी म्हटलं, "मावशी, सुटली तं केसच होते, असं ठरलं होतं आपलं."

"केसच होते," ती म्हणाली. "पन सोडवलं तं कोनंतरी ना?"

बरणी मी रोज पुसते, ते बोट सोडून. मंदा गिऱ्हाइकांना सांगते की आमच्याकडे जागृत देवस्थान आहे, नवस बोला आणि भुवया करून जा.

सुनंदाची ओटी त्या नवरात्रात भरली गेली नाही. गावातल्या काही जणी नाराज झाल्या म्हणे, विशेषतः जिची शेळी पुन्हा हरपली ती. दिवाळीच्या गर्दीत एके दिवशी दोघी परत आल्या. बाहेर मोटारसायकलवर सुनंदाचा नवरा बसला होता आणि तिची पिशवी त्याच्या मांडीवर होती. म्हातारीनं आत येऊन आधी बरणीला हात जोडले, मग स्टुलावर बसली.

"खांद्यापर्यंत करून द्या, ताई," सुनंदा म्हणाली. "लय जड होतेत."

खणातून कात्री काढताना माझा जीव तुटला. इतक्या मेहनतीनं वाचवलेले केस, आणि म्हणे खांद्यापर्यंत! मी बट हातात धरून उभी राहिले, म्हातारीकडे पाहत.

"पाह्यते काय?" कौसल्याबाई म्हणाल्या. "काप. केसच तं आहेत."